यादवीतले सेनापती आणि वेशीवरची माणसे

रावेरहून रेल्वेने बुऱ्हाणपूरला जायला फार वेळ लागत नाही. तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. आमच्या इतिहासाच्या वर्गाची सहल बहुतेक वर्षी तिथेच जाते, कारण त्याहून लांब जायला मुलांच्या खिशात पैसे नसतात. मुले केळीच्या बागांतून मजुरी करणाऱ्या घरांतली. माझेही घर तसलेच; आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गेल्या खेपेला गडाच्या दरवाजात उभा राहून मी नेहमीचे सांगत होतो : १८०३ च्या ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने हा गड घेतला, डिसेंबरातल्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तो कायमचा गिळला. एका मुलीने मधेच विचारले, "सर, स्टीव्हन्सन आला तेव्हा शिंद्यांचा सेनापती कोण होता?"

मी तोंड उघडले आणि अडखळलो. कोणत्या आठवड्यातला सेनापती सांगायचा? महिन्यापूर्वी असईला पलटणींचा कारभार पोलमन नावाच्या हॅनोव्हेरियन माणसाच्या हाती होता. उत्तरेतल्या फौजेचा मुख्य पेराँ फ्रेंच होता आणि तो सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. खुद्द दौलतराव शिंदे घोडदळ घेऊन मुलूखभर फिरत होते. हे सगळे मी जमेल तसे सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग लढत कोण होतं?"

त्या दोन प्रश्नांना गडावर नीट उत्तर देता आले नाही. कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना उपयोगी पडेल अशा रीतीने ते इथे मांडून पाहतो.

आपल्या क्रमिक पुस्तकांत १७९७ ते १८०३ या सहा-सात वर्षांची यादवी दोन परिच्छेदांत उरकलेली असते. दौलतराव अल्लड, दुसरा बाजीराव भित्रा, यशवंतराव होळकर शूर पण बेबंद, सर्जेराव घाटगे दुष्ट. सरदार फितूर झाले, म्हणून राज्य बुडाले. थोडक्यात, माणसे वाईट निघाली म्हणून इतिहास वाईट झाला. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण त्यात व्यवस्थेला कुठेच हात लागत नाही. सेनापती का बदलतो, तो बदलतो तेव्हा नेमके काय एका हातातून दुसऱ्या हातात जाते, हा प्रश्नच त्यात उठत नाही.

फौज कोणाची होती, इथून सुरुवात करावी लागते. शिवाजी महाराजांच्या काळात रोख पगारावर उभी राहिलेली फौज पेशवाईच्या उत्तरार्धात जवळजवळ पूर्णपणे सरंजामी झाली होती. सरदाराला मुलूख लावून द्यायचा, त्याने त्यातून वसूल करायचा आणि त्यावर घोडी-माणसे बाळगायची. मुलूख वडिलांकडून मुलाकडे जाई, तशी फौजही जाई. म्हणून घरात वारसाचे भांडण लागले की ते फौजेचे भांडण होई, आणि घर जितके मोठे तितका मुलूख जास्त जळे.

त्या चार वर्षांत एकामागून एक माणसे गेली. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला वारले. १७९५ च्या ऑगस्टात अहिल्याबाई गेल्या, ऑक्टोबरात सवाई माधवराव. १७९७ च्या ऑगस्टात तुकोजी होळकर पुण्यातच वारले. गादी, दौलत, सरंजाम, सगळे एकदम उघडे पडले. महादजींना औरस मुलगा नव्हता. भावाचा नातू दौलतराव, वय पंधराच्या आसपास, वारस ठरला. तुकोजींना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव लग्नाच्या बायकोचे, यशवंतराव आणि विठोजी रखेलीचे. महिनाही उलटला नव्हता तोच, १७९७ च्या १४ सप्टेंबरला, काशीरावाच्या बाजूने दौलतरावाच्या फौजेने भांबुर्ड्याच्या तळावर छापा घातला आणि मल्हारराव मारला गेला. यशवंतराव नागपूरकडे निसटला. तिथे रघूजी भोसल्यांनी त्याला कैदेत टाकले. तिथूनही तो पळाला.

पुढचा भाग आपल्या खानदेशाचा. पळालेल्या यशवंतरावाजवळ ना मुलूख होता, ना पैसा, ना औरसपणाचा कागद. त्याने तापी-सातपुड्याच्या या पट्ट्यात माणसे जमवली. त्यात भिल्ल होते, पेंढारी होते, पठाण होते, बेकार झालेले मराठे स्वार होते. अमीरखान त्याला याच सुमारास मिळाला. १७९९ च्या जानेवारीत महेश्वरला त्याने सत्ता हाती घेतली. पण स्वतःच्या नावाने नव्हे. मारल्या गेलेल्या मल्हाररावाचे तान्हे मूल खंडेराव, त्याच्या नावाने. लढाया जिंकणारा माणूस मोठा आणि शिक्का तान्ह्या मुलाचा, कारण मूल औरस होते आणि तो 'लेकावळा' होता. उच्चकुलीन सरदारांनी हा शब्द त्याच्या तोंडावर कितीदा मारला असेल! तसे पाहिले तर महादजींनाही त्यांच्या काळात अनौरस म्हणून डावलायचा प्रयत्न झालाच होता. सरंजामी व्यवस्थेत कर्तबगारीला वाट मिळे, नाही असे नाही. पण मागच्या दाराने, दुसऱ्याचे नाव कपाळावर चिकटवून.

इथे एक कबुली देतो. मी एम.ए. करत असताना यशवंतरावावर माझे फार प्रेम होते. हीन जन्माचा म्हणून हिणवलेला, भिल्लांना बरोबर घेऊन उठलेला, पेशव्याला पुण्यातून पळवून लावणारा माणूस! मित्रांना मी सांगत असे, हा आपला. नंतर खानदेशाची जुनी दफ्तरी माहिती वाचू लागलो आणि प्रेम ओसरले असे नव्हे, पण त्याला गाठ बसली. १८०२ साली पुण्याकडे जाताना त्याच्याच फौजेने खानदेश लुटला, जाळला. दोन वर्षे पुष्कळ गावांत नांगर चालला नाही. १८०३-०४ मध्ये जो दुष्काळ पडला त्याला पाऊस जितका जबाबदार होता तितकीच ही फौज जबाबदार होती. सेनापती खालच्या थरातून आला एवढ्यावरून त्याची फौज खालच्या थराची होत नाही. फौज चालते वसुलीवर, आणि वसुली ज्याच्याकडून करायची तो माणूस बदलत नाही.

शिंद्यांच्या घरात सेनापती कसे बदलले ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथे जातीचा पदर उघड दिसतो. महादजींच्या राज्यकारभारात आणि फौजेत शेणवी मुत्सद्द्यांचा मोठा वरचष्मा होता : जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड, बाळोबा तात्या पागनीस. दौलतराव आल्यावर त्याचा सासरा, कागलचा सर्जेराव घाटगे, पुढे सरसावला. १७९८ मध्ये त्याच्या मुलीचे, बायजाबाईचे, दौलतरावाशी लग्न झाले आणि त्याच वर्षी सर्जेरावाने पुण्यातून पैसा काढण्यासाठी सावकार-गृहस्थांवर जे अत्याचार केले ते प्रसिद्धच आहेत. महादजींच्या विधवा बायकांचे हाल झाले, त्यांनी बंड केले, लखबादादाने त्यांची बाजू घेतली. मग काय, उत्तरेतले सेनापत्य लखबाकडून अंबाजी इंगळ्यांकडे. बाळोबा तात्या कैदेत, आणि १८०० साली अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू. जिवबादादाच्या मुलाला, नारायणरावाला, ठार मारण्यात आले. आपले इतिहासकार याला 'शेणवी पक्ष' आणि 'घाटगे पक्ष' यांचे भांडण म्हणतात आणि पुढे जातात. मला त्यात एवढेच दिसते की वरच्या दोन-तीन जातींच्या दारांमध्ये सेनापत्याचा चेंडू फिरत होता. फौजेतला कोणी पराक्रमी हवालदार किंवा तोफखान्यातला जुना गोलंदाज त्या शर्यतीत नव्हताच. त्याचे नाव घ्यायचे कोणाला सुचलेही नसते.

तिसरा प्रकार परक्या कवायती अधिकाऱ्यांचा. महादजींनी बुआन या सावोयच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. लोक त्यांना 'कंपू' म्हणत. या कंपूंच्या पगारासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला होता. म्हणजे सरंजामाचे जुने तत्त्वच, फक्त सरंजामदार टोपीवाला. १७९५ च्या अखेरीस बुआन पुष्कळ पैसा गाठीला बांधून युरोपात गेला आणि पेराँ त्याच्या जागी आला. होळकरांकडे द्युद्रनेक नावाचा फ्रेंच होता. तो आधी काशीरावाच्या बाजूने यशवंतरावाशी लढला, मग यशवंतरावाकडे आला, मग शिंद्यांकडे गेला. आपल्याला त्याचा राग येतो. पण त्याच्या दृष्टीने ही नोकरी होती आणि नोकरी बदलता येते. कंपूतल्या शिपायाला मात्र मागचा पगार बुडवून नोकरी बदलणे परवडत नसे. पगार थकला की सरदाराच्या तंबूसमोर धरणे धरून बसायचे, हाच त्याचा उपाय. आजच्या मोर्चेकऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल, धरणे हे अस्त्र आपण शोधलेले नाही.

१८०१ चे वर्ष दोन्ही घरांनी एकमेकांच्या राजधान्या जाळण्यात घालवले. एप्रिलमध्ये विठोजी होळकराला बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. जुलैत उज्जैनला होळकरांनी शिंद्यांच्या पलटणी कापल्या; उत्तरेत बसलेल्या पेराँने मदत पाठवली नाही. ऑक्टोबरात सदरलंडच्या हाताखालच्या शिंद्यांच्या पलटणींनी इंदूरला होळकरांचा पराभव केला आणि सर्जेरावाने इंदूर लुटले. पुढल्या वर्षी, १८०२ च्या २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसरला गाठ पडली. पेशवे-शिंद्यांच्या बाजूने सदाशिवराव भास्कर आणि कॅप्टन डॉज, होळकरांकडे स्वतः यशवंतराव आणि त्याचे व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग. डॉज मेला, हार्डिंगही मेला. दोन्हीकडे टोपीवाल्यांनी शिकवलेल्या एकाच पद्धतीने लढणारे, बहुतेक हिंदुस्थानी मुलखातले शिपाई एकमेकांवर गोळ्या झाडत होते. बाजीराव पळाला आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला वसईला त्याने इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली. म्हणजे सगळ्यात मोठा सेनापतिबदल हाच : पेशव्याच्या संरक्षणाचा कारभार कंपनीकडे गेला. १८०३ च्या मे महिन्यात आर्थर वेलस्लीच्या संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा गादीवर बसला.

हे सगळे चालू असताना गावात काय होते? कागदपत्रांत सेनापतींची पत्रे भरपूर सापडतात, वेसकराचे पत्र सापडत नाही. पण गावगाड्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. आलेल्या सरकारी माणसाला वाट दाखवणे, पुढल्या गावापर्यंत ओझे पोचवणे, घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड आणून देणे, ही महाराची वतनी कामे. वतन १९५८ च्या कायद्याने गेले, तोवर ती चालूच होती. आमच्या आजोबांनी ती केली आहेत. शांततेच्या दिवसांत सरकारी माणूस महिन्या-दोन महिन्यांनी येई. यादवीत तो रोज येई, आणि रोज वेगळ्या धन्याचा असे. सकाळी शिंद्यांच्या पागेला गवत कापून दिले म्हणून संध्याकाळी होळकरांच्या स्वाराने पाठ फोडावी. वाट दाखवली तर पुढच्याचा गुन्हेगार, चुकीची दाखवली तर मागच्याचा. पाटील-कुळकर्णी गढीत किंवा परगावी आसरा शोधत. ज्याच्याकडे वेशीची राखण, त्याला वेस सोडता येत नसे, आणि वेस सोडली तर वतन जाई, भाकरी जाई.

धान्य फौजेबरोबर वंजाऱ्यांचे तांडे नेत. शिंद्यांनाही तेच पुरवत, वेलस्लीलाही तेच पुरवत. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच बैलांची आणि तांड्यांची काळजी दिसते. कोणत्याही विजयाच्या चित्रात मात्र तांडा नसतो.

भिल्लांची गोष्ट तर खानदेशाने अजून नीट सांगितलेलीच नाही. गावोगाव जागल्या म्हणून राखण करणारे आणि त्याबद्दल हक्क घेणारे भिल्ल होते. १८०२ ते १८०४ मध्ये गावेच ओस पडली, तेव्हा हक्क देणार कोण? उपाशी माणसे डोंगरात गेली आणि खाली उतरून लुटू लागली. यशवंतरावाच्या झेंड्याखाली काही वर्षांपूर्वी याच लोकांना बोलावले होते. फौज पुढे निघून गेली, ते मागे राहिले. मग पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने बंदोबस्त केला. कोपरगावला भेटीच्या निमित्ताने भिल्लांना जमवून दगा देऊन त्यांची कत्तल करण्यात आली. असे प्रकार एकदाच झाले नाहीत, चाळीसगावकडेही झाले. फितुरी हा शब्द आपण सरदारांच्या संदर्भात इतका वापरतो. कोपरगावच्या घटनेला तो लावलेला मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिला नाही.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लढत कोण होते?

१८०३ च्या उन्हाळ्यात दौलतरावाचा तळ बुऱ्हाणपूरच्या परिसरात होता. इंग्रज रेसिडेंट कॉलिन्स तिथेच त्याच्याशी बोलणी करत होता, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो छावणी सोडून निघाला. म्हणजे युद्ध सुरू झाले. २९ ऑगस्टला गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला : शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांची कंपनी सोय लावील. हा जाहीरनामा तोफखान्यापेक्षा जास्त कामाचा ठरला. अलीगडचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला. आपल्या जागी अंबाजी इंगळ्यांची नेमणूक झाल्याचे पेराँच्या कानावर आलेच होते. त्याने आपली संपत्ती सांभाळत इंग्रजांचा आश्रय घेतला. त्याच्याविरुद्ध उठून कारभार बळकावणारा बूर्क्याँ ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ हरला आणि तोही शरण गेला. एका पंधरवड्यात उत्तरेतल्या फौजेचे दोन मुख्य गेले.

दक्षिणेत २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. असई आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे, भोकरदनच्या बाजूला. दौलतराव आणि रघूजी भोसले आपल्या घोडदळासह लढाईतून लवकरच बाजूला झाले. पोलमनच्या पलटणी आणि तोफा उरल्या. वेलस्लीच्या शिपायांनी तोफांची ओळ ओलांडली, तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजी रांगेवर पाठीमागून गोळे टाकले. इंग्रजांना तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्यांची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. वेलस्ली पुढे वॉटर्लू जिंकूनही असईची आठवण काढत असे. पडलेल्या जागेवरून उठून तोफ फिरवायचा हुकूम कोणी दिला होता? वरचा कोणी तिथे शिल्लक नव्हता. तो निर्णय गोलंदाजांचा.

असईनंतर स्टीव्हन्सन आमच्या बाजूला आला. ऑक्टोबरच्या मध्यास बुऱ्हाणपूर, २१ तारखेला असीरगड. याच दिवसांत शिंद्यांचे डझनाहून जास्त युरोपीय अधिकारी आणि सार्जंट जाहीरनाम्याचा आधार घेऊन त्याला येऊन मिळाले. ज्या दरवाजात मी मुलांना घेऊन उभा होतो त्याच्याच आसपास कुठे तरी हा हिशेब मिटला असेल. त्यांनी ज्यांना शिकवले त्या शिपायांना कोणताही जाहीरनामा नव्हता.

तरी ती फौज संपली नव्हती. उत्तरेत उरलेल्या पलटणी १ नोव्हेंबरला अलवारजवळ लासवारीला जनरल लेकसमोर उभ्या राहिल्या. आता युरोपीय अधिकारी जवळजवळ नव्हतेच. हुकूम द्यायला जुने देशी सुभेदार-जमादार. त्या दिवशी लेकला जी झुंज मिळाली तिने तो हादरला. गोलंदाज तोफांजवळ संगिनींनी मारले जाईपर्यंत हलले नाहीत, असे त्याने स्वतःच कळवले. आणि पुढे लिहिले की यांना फ्रेंच अधिकारी असते, तर निकालाची खात्री देता आली नसती. हे वाक्य मी वर्गात नेहमी सांगतो. फ्रेंच अधिकारी तर दोन महिन्यांपूर्वी पैसे मोजत निघून गेले होते. उभे राहिले ते देशी. समोर हे दिसत असूनही लेकला सुचते ते असे की यांना वर गोरा माणूस हवा होता. नेतृत्व हे ठराविक लोकांच्या अंगचे असते, ही समजूत रणांगणावरच्या पुराव्यानेही ढळत नाही. आपल्याकडचे अनुभवही काही वेगळे नाहीत. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईतली सिदनाक महाराची परंपरागत हकिगत आपण अभिमानाने सांगतो. तीत भांडण त्याच्या तलवारीबद्दल नव्हतेच. त्याचा तंबू सरदारांच्या तंबूंमध्ये का, याबद्दल होते.

यशवंतरावाने १८०४ मध्ये, इंग्रजांशी लढायला नकार दिल्यावरून, हडपसरची लढाई जिंकून देणाऱ्या व्हिकर्ससह डॉड आणि रायन यांची डोकी उडवली. इंग्रजी पुस्तके त्याला क्रूर म्हणतात. क्रूर तर तो होताच. पण १८०३ साली, शिंदे-भोसले लढत असताना, तो बाजूला बसून राहिला ही गोष्ट मला त्या शिरच्छेदापेक्षा जड वाटते. घरातल्या वैराचा हिशेब त्याला कंपनीच्या हिशेबापेक्षा मोठा वाटला. १८०४ मध्ये तो उठला तेव्हा शेजारी कोणी उरले नव्हते. १८११ च्या ऑक्टोबरात भानपुऱ्याला तो वारला. शेवटची तीन वर्षे त्याची बुद्धी ठिकाणावर नव्हती. मागे पुन्हा अल्पवयीन मुलगा, आणि कारभार तुळसाबाईच्या हाती. १८१७ च्या २० डिसेंबरला तिच्याच फौजेतल्यांनी तिला मारले. दुसऱ्या दिवशी महिदपूरला होळकर हरले.

हे सगळे खानदेशात कसे उतरले ते तापीकाठी थाळनेरला पाहायला मिळते. १८१८ च्या ६ जानेवारीला मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख कंपनीला लिहून दिला. थाळनेरचा किल्ला त्यातच आला. फेब्रुवारीच्या अखेरीस सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यासमोर आला आणि किल्लेदार तुळशीराम याला सांगितले की तुझा धनी हे ठिकाण देऊन मोकळा झाला आहे, दार उघड. किल्ल्यावरून बंदुका चालल्या. पुढे शरणागतीचे बोलणे चालू असल्यासारखे असताना आतल्या दिंडीपाशी गोंधळ झाला. आत शिरलेले मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग इंग्रज फौजेने आतल्या अडीचशे-तीनशे लोकांची, बहुतेक अरब शिबंदीची, कत्तल केली. किल्लेदाराला फाशी दिले, बंडखोर म्हणून. हिस्लॉपच्या या कृत्यावर पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातही आक्षेप निघाले आणि आभाराच्या ठरावात थाळनेरचा प्रसंग वगळावा लागला. फाशी गेलेल्याला त्याचा काय उपयोग?

विचार करा, तो किल्लेदार गुन्हेगार कशाचा? जानेवारीत त्याच्या वरचा हुकूम बदलला होता. ज्या तहावर त्याची सही नव्हती, ज्याची बातमी त्याला कोणत्या रूपात पोचली देव जाणे, त्या तहाने तो एका रात्रीत चाकराचा बंडखोर झाला. मंदसोरला सही करणाऱ्यांच्या जहागिरी राहिल्या, संस्थान राहिले. दोर थाळनेरला लागला. ती बातमी पसरल्यावर होळकरांचे खानदेशातले दुसरे किल्ले फारसे न लढता खाली झाले.

त्यानंतर या भागाचे सेनापत्य कंपनीकडे गेले. १८२५ मध्ये धरणगावला औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली. कोपरगावला ज्यांच्या बापजाद्यांना कापले त्यांना आता लाल कोट मिळाला आणि डोंगरातल्या आपल्याच भाऊबंदांना पकडून आणायचे काम मिळाले. महार शिपाई मुंबईच्या पलटणींत आधीपासून होते. १८१८ च्या १ जानेवारीला कोरेगावला त्यांनी जे केले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. कंपनीच्या फौजेत महाराला सुभेदार होता येत असे, पेशव्यांच्या राज्यात ही गोष्ट कल्पनेच्या पलीकडची होती, आणि तिचे मोल कमी लेखायचे कारण नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार-मेजर होते. त्या एका पदामुळे घरात पुस्तके आली. पण सुभेदार कितीही जुना असला तरी कालपरवा बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पोराच्या हाताखालीच तो राहायचा. आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली गेली. लढाऊ जातींचा नवा सिद्धांत निघाला होता आणि त्यात आपण बसत नव्हतो. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांनी आवाज उठवल्यावर.

सहलीच्या दिवशी परतताना आम्ही बुऱ्हाणपूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. त्या मुलीने वहीत दोन ओळी आखल्या होत्या. वरच्या ओळीत तिने मी सांगितलेली नावे ओळीने लिहिली होती : पेराँ, बूर्क्याँ, पोलमन, अंबाजी, सदाशिवराव. खालची ओळ कोरी होती आणि तिच्या डोक्यावर तिने 'गोलंदाज' असे लिहून ठेवले होते. "ह्यांची नावं कुठं मिळतील, सर?" तिने विचारले. मी तिला म्हटले, पुण्याच्या पेशवे दफ्तरात पागेच्या आणि शिबंदीच्या हजेऱ्या आहेत, मोडी शिकशील तर तुझी तू वाचशील. आता दर रविवारी ती आणि आणखी चार मुले माझ्या घरी मोडीची बाराखडी गिरवतात.